बाटलीवरचं साल

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कमळाकर कर्जतच्या स्टँडवर कडावच्या गाडीची वाट बघत बसला होता. मागच्या बाकावर येसूबाई आपल्या बहिणीला, बायजाला सांगताना नुसती फणफणत होती.

"पळसदरीच्या बंगल्यावरून साहेबानं मला काढलं गं! का, तर बाटल्या धुतल्या."

"कसल्या बाटल्या?"

"फ्रान्सातली बोर्डोची लाल दारू. दर सालाची फळी येगळी, वर्षानुवर्षं आडवी निजवलेली, वर बोटभर धूळ. पाहुणे येणार म्हणून घासून लख्ख केल्या, एका जागी मांडल्या, तर कागद सुटले."

"कागदाचं एवढं काय?"

"त्यावर साल व्हतं. म्हणे एकसष्टची अजून मुरतेय, त्रेसष्टची कधीच उतरली, चव गेली तिची. आता कुठली कंची, कसं कळायचं?"

"चाखून!"

"मी तेच बोलले! आमी भाताच्या वासावर सांगतो, तांदूळ यंदाचा का जुना. आन हा तर पाहुण्यांपुढं एका घोटात साल सांगायचा."

"मग?"

"मला काढून झाल्यावर उघडली एक. चाखली. परत चाखली. आन मलाच इचारतो, येसूबाई, ही कुठल्या फळीवरची?"

"तुला ठाऊक व्हतं?"

"मीच उचलल्या, मीच ठेवल्या. सगळ्या ध्यानात हायत."

"मग सांगितलंस?"

"कशाला सांगू? आता मी कामावर नाय. बसू दे चाखत!"