डावीकडचा ब्रेक

मास्तर : आणि हे दार लावल्यावर असा आवाज का येतो? बिस्किटांचा डबा आहे का?

सेल्समन : मास्तर, वजन कमी ठेवलंय मुद्दाम. मायलेज चांगलं मिळावं म्हणून.

मास्तर : मग मला कशाला आत बसवलंस? उतरतो मी. आणखी मायलेज मिळेल.

काकू : अहो, शोरूमच्या दारापासून इथपर्यंत एकेका गाडीला नावं ठेवत आलात. बिचारा घामाघूम झालाय.

मास्तर : एसी चालू आहे की. आणि याला घाम पहिल्यापासून येतो. चढावर थांबवून गाडी पुन्हा उचलायला सांगितली की तळहात ओले. तूच ना रे तो? मागे मागे जात थेट लाँड्रीच्या दारात गेलेला?

सेल्समन : अजून लक्षात आहे तुमच्या?

मास्तर : लाँड्रीवाल्याच्याही आहे.

सेल्समन : पण तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो, म्हणूनच आज गाड्या विकतोय, मास्तर.

मास्तर : चालवायला जमली नाही म्हणून विकतोस. उगाच माझ्यावर उपकार ढकलू नकोस.

सेल्समन : खरं सांगतो, इथली निम्मी गिऱ्हाइकं आधी तुम्हाला विचारून येतात. परवा एक बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं, चहा प्यायला, आणि म्हणाल्या, मास्तरांनी छोटीच घ्यायला सांगितलंय. माझी मोठी गाडी गेली हातची.

मास्तर : ती? ती गाडी लावताना डोळे मिटते. तिला मोठी विकून तुला काय पार्किंगच्या खांबांवर सूड उगवायचा होता? अरे, गाडी चांगली आणि वाईट अशी नसतेच. माणूस कसा बसतो ते बघायचं. ते कोपऱ्यातलं जोडपं बघ. तो बॉनेट न्याहाळतोय आणि ती मागची सीट चाचपतेय. घरात पाळणा हलायची वेळ आलीय, आणि तुझा दोस्त त्यांना दोन दारांची लाल गाडी दाखवतोय. त्याला म्हणावं, मागचं दार सताड उघडेल अशी दाखव. पोर आत ठेवताना कंबर मोडता कामा नये.

सेल्समन : सांगतो त्याला. आणि ते टाय लावलेले?

मास्तर : तो एका बोटाने स्टिअरिंग फिरवून बघतोय. त्याला वाटेल ती वीक, फक्त ब्रेक चांगले असू देत. त्याच्यासाठी नव्हे, बाकीच्यांसाठी.

काकू : आणि तो? तो काय, खांबाच्या आरशात दिसतोय. टोपीवाला, चष्मा कपाळावर, माझ्या शेजारचा. त्याला कोणती?

मास्तर : तो जाणकार दिसतो. त्याला कोणी शिकवू नये.

सेल्समन : बरं, पण तुमच्यासाठी नक्की काय बघायचं?

मास्तर : गिअरची. जड. दार लावलं की धप्प वाजलं पाहिजे.

काकू : बिनगिअरची. सीट उंच, काचा मोठ्या. आणि बाजूने कोणी आलं की आरशात दिवा लागतो म्हणे, तोही हवा.

मास्तर : बाजूचं बघायला दिवा? मग देवाने मान कशाला दिलीय, हार घालायला?

काकू : दिलीय, पण ताठ दिलीय.

मास्तर : आमच्या लेकीने तर फोनवर सांगितलं, एअरबॅग जास्त असतील ती घ्या. तिला लहानपणापासून फुगे आवडतात.

सेल्समन : जुनी गाडी एक्स्चेंजला देताय ना? मी बाहेर बघून आलो. इंजिन छान आहे. फक्त डाव्या बाजूला जरा...

मास्तर : फाटकाचा खांब.

सेल्समन : खांबाचं काय?

मास्तर : पुढे आला.

काकू : आमचा खांब फार अवखळ आहे. त्याच्याआधी कचऱ्याचा डबा आला होता पुढे, मग शेजाऱ्यांची कुंडी. सगळ्यांनी एकदम बंड पुकारलंय. आणि सगळे डावीकडूनच येतात.

मास्तर : सांग, आता डोळ्यांचंही सगळ्या शोरूमला सांग.

काकू : मी खांबाचं बोलले. डोळे तुम्ही काढलेत.

सेल्समन : डोळ्यांना काय झालं, मास्तर?

मास्तर : काही नाही रे. काचबिंदू. समोरचं लख्ख दिसतं. डॉक्टर म्हणाला, शक्यतो गाडी चालवू नका.

काकू : 'शक्यतो' तुम्ही घरी येताना रस्त्यात उचललात. डॉक्टर 'बंद' म्हणाले.

मास्तर : तो डॉक्टर माझ्याकडेच शिकला. गाडी मागे घेताना पुढे बघायचा. तो मला नजर शिकवणार!

सेल्समन : मग टेस्ट ड्राइव्हचं... म्हणजे, घ्यायची ना?

काकू : घ्यायची तर. ती पांढरी, उंच सीटची. चावी द्या.

मास्तर : आण इकडे.

काकू : इकडे द्या.

मास्तर : तू कुठे निघालीस? ते ड्रायव्हरचं दार आहे.

काकू : माहीत आहे. जन्मभर पलीकडच्या दाराने चढले, मग उरलेलं कोणाचं ते कळतं की.

मास्तर : अगं, पण तुला येतं कुठे?

काकू : शिकले.

मास्तर : कोणाकडे?

काकू : समोरच्याकडे.

मास्तर : समोरच्या? माझ्याच हाताखाली शिकला, आणि माझ्याच नाकासमोर, रस्त्यापलीकडे स्वतःचं स्कूल काढून बसला, त्या समोरच्याकडे?

काकू : तोच. दुपारी तुम्ही घोरायला लागलात की मी शिवणाच्या क्लासला जायचे ना, तेव्हा.

मास्तर : तरीच. एवढे महिने क्लास चालला, घरात एक रुमाल आला नाही.

काकू : परवाना आला. रुमालाचं बघू पुढे.

मास्तर : मी काय मेलो होतो? मला म्हणायचंस. मी शिकवलं असतं.

काकू : म्हटलं होतं. लग्न झाल्यावर म्हटलं. लेक शाळेत जायला लागली तेव्हा म्हटलं. माझ्या आईला दवाखान्यात न्यायला रिक्षा मिळेना, त्या दिवशी तर हात जोडले. दर वेळी एकच उत्तर. घरात एक ड्रायव्हर पुरे. आता पुरत नाही तो एक. म्हणून शिकले. बसा डावीकडे.

(पांढरी गाडी रस्त्याला लागते. काकू चालवताहेत, मास्तर शेजारी, सेल्समन मागे.)

सेल्समन : काकू, सरळ चौकापर्यंत जाऊ. या मॉडेलमध्ये बघा, बाजूने काही आलं की...

मास्तर : तू गप रे. आरसा?

काकू : बघितला.

मास्तर : इंडिकेटर?

काकू : दिलाय. टकटक वाजतंय ते काय आहे मग? कानांचं काही बोलले नव्हते डॉक्टर.

मास्तर : आणि ते स्टिअरिंग जरा सैल धर. पळून जाणार नाहीये ते.

काकू : तुमचा पाय काय करतोय?

मास्तर : कुठे काय?

काकू : निघाल्यापासून मॅट दाबताय. फाटेल ती. तिथे ब्रेक नाही.

सेल्समन : स्कूलच्या गाडीत होता ना, काकू. मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक. आमचं जरा चुकलं की ते असा लावायचे, की कपाळ काचेला.

मास्तर : पट्टा बांधत नव्हतास. कपाळाला तेवढंच काम होतं.

काकू : म्हणजे सगळी कमाई डाव्या सीटवर केलीत. आणि आज डावीकडे बसा म्हटलं तर तोंड एवढंसं.

मास्तर : तेव्हा ब्रेक माझा होता. बाजूला बसलो तरी गाडी माझी होती. आता नुसता ठेवलाय आणून, गाठोड्यासारखा.

काकू : गाठोडं एवढं बोलत नाही.

सेल्समन : काकू, इथून डावीकडे घेऊ या, म्हणजे फिरून परत शोरूम.

मास्तर : हळू. वेग कमी. हं, आता वळव. आता... का थांबलीस?

काकू : थांबले.

मास्तर : थांबलीस ते कळलं, का थांबलीस? रस्ता मोकळा आहे. असं वळणात मध्येच थांबायचं नसतं. मागचा येऊन आदळेल. हेच शिकवलं का त्या समोरच्याने? सोड ब्रेक.

काकू : नाही सोडत.

मास्तर : अगं, कोणी नाहीये. सोड, चल.

सेल्समन : मास्तर, ते...

मास्तर : तू मध्ये बोलू नकोस. इथे चढ नाही, तुला घाबरायचं कारण नाही.

काकू : डावीकडे बघा.

मास्तर : बघतोय.

काकू : मान वळवून बघा.

सेल्समन : जा आजी, सावकाश जा. आम्ही थांबलोय. घाई नाही.

मास्तर : ही... ही कधी आली?

काकू : आपण वळायच्या आधीपासून चालतेय. तुमच्या कोपराशी होती.

मास्तर : बॉनेटला हात टेकून चाललीय.

काकू : काठी एकाच हातात आहे तिच्या.

मास्तर : आणि मी तुला ब्रेक सोड म्हणालो.

काकू : दोनदा.

मास्तर : गेली का?

सेल्समन : गेल्या. पोचल्या पलीकडे. हसल्या आपल्याकडे बघून.

मास्तर : पुढे गाडी बाजूला घे. झाडाखाली.

काकू : घेतली. पाणी देऊ?

मास्तर : नको.

सेल्समन : मास्तर, होतं असं. त्या ठेंगण्या होत्या ना जरा, पटकन...

मास्तर : ठेंगणी नव्हती. मला दिसली नाही. नाही ते सांत्वन करू नकोस, तुला तेही जमत नाही.

काकू : एक विचारू? तुमच्याकडे जग येतं विचारायला, मी कधी विचारलं नाही. एक शिकणारा आहे.

मास्तर : विचार. शिकणाऱ्याला मी कधी परत पाठवलं नाही.

काकू : वय झालंय. हात सफाईचा आहे. डोकं बरं चालतं, तोंड त्याहून बरं. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. आणि दिसत नाही हे त्याला कळत नाही. त्याला कोणती गाडी सांगाल?

मास्तर : स्वभाव?

काकू : विचारू नका.

मास्तर : ऐकणारा आहे?

काकू : अजून तरी कोणाचं ऐकल्याचं ऐकिवात नाही.

सेल्समन : मास्तर, तसं असेल तर यात चारी बाजूंना कॅमेरे आहेत. समोर पडद्यावर सगळं...

मास्तर : विकू नकोस, मी सांगतोय. त्याला गाडी द्यायची नाही. जड नाही, हलकी नाही, कॅमेऱ्याची तर नाहीच. पडदा बघत बसेल आणि आजी राहील बाजूला. त्याला सीट द्यायची. डावी. ऐसपैस हवी, गुडघे धरतात त्याचे. आणि शेजारी चालवणारं माणूस असं हवं, की हा कितीही ओरडला, रस्ता मोकळा आहे म्हणाला, तरी त्याने ब्रेक सोडता कामा नये.

काकू : असं माणूस मिळतं कुठे?

मास्तर : समोरच्याकडे मिळतं म्हणे.

काकू : तो तुमचीच वाक्यं म्हणतो. अगदी तीच. 'दिसतंय त्याला भिऊ नका, दिसत नाही त्याच्यासाठी थांबा.' पहिल्या दिवशी ऐकलं आणि मला गाडीतच रडू आलं. त्याला वाटलं, मी क्लचला घाबरले. साऱ्या गावाला जे शिकवलंत, ते मला रस्ता ओलांडून ऐकायला जावं लागलं. फार लागलं मला ते.

मास्तर : लागणारच.

काकू : बस्स? एवढंच?

मास्तर : तो ते वाक्य नीट म्हणतो का पण?

काकू : तुमच्याहून बरं. ओरडत नाही.

सेल्समन : मग ही पांढरी पक्की समजू का मी?

काकू : समजा. पण एक काम आहे. स्कूलची गाडी विकली तेव्हा यांनी तो डावीकडचा ब्रेक काढून घेतला होता. फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.

मास्तर : तुला कसं माहीत?

काकू : माळा कोण झाडतं? तर तो याच्यात बसवता येईल का? यांच्या पायाशी?

सेल्समन : काकू, तसं कंपनीच्या नियमात बसत नाही. वॉरंटीचाही प्रश्न येईल. पण मास्तरांसाठी म्हणून वर्कशॉपमध्ये शब्द टाकून बघतो.

काकू : बघा खरंच. रोज शेजारी बसायचंय त्यांना. गाठोड्यासारखं नको वाटायला.

मास्तर : नको विचारूस रे.

काकू : आता हा कसला हट्ट?

मास्तर : हट्ट नाही. तो ब्रेक शिकाऊ माणसाच्या शेजारी लागतो. राहू दे माळ्यावरच.