साडेतीन बिस्किटं

— उंदीर नाहीत हो ताई, गिनी पिग. दोन आहेत. हा पिंजऱ्यातला मुकादम, आणि दुसरी आत, डॉक्टरांच्या टेबलावर — ढेपूळ. नावं माझी नाहीत, नातीनं ठेवलीत. नऊ वर्षांची आहे ती. तुमच्या मांजरीला सांगा, नुसतं बघायचं, जिभल्या चाटायच्या नाहीत. काय झालं म्हणता? पोट फुगलंय. सकाळपासून गवताला तोंड लावलेलं नाही, कोपऱ्यात गोळा होऊन बसलीय, पोटाला हात लावला तर टम्म. एरवी ढेपूळ म्हणजे कशी — फ्रिजचं दार उघडलं रे उघडलं की शिट्ट्या मारत जाळीवर उभी! आज मी ते दार चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं — हूं नाही की चूं नाही. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

आठ दिवसांसाठी माझ्यावर सोपवलीत. मुलगी, जावई, नात बाहेरगावी गेलेत. जाताना नातीनं फ्रिजवर यादी चिकटवली. गवत हवं तेवढं, कायम. रोज ढोबळी मिरचीची फोड — यांना म्हणे 'क' जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही — थोडी कोथिंबीर, काकडी. गाजर म्हणजे खाऊ, रोज नाही. सफरचंदाची पातळ चकती, बिया काढून, आठवड्यातून दोनदा, बास. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट, ब्रेड, बिस्किट — कधीच नाही. 'कधीच'खाली दोन रेघा. आता मी कोण? चाळीस वर्षं बेकरी चालवलेला माणूस! अख्ख्या गल्लीच्या वाढदिवसांचे केक या हातांनी केले — आणि खाऊ म्हणजे काय हे मला नऊ वर्षांची पोर शिकवणार? हसलो मी. एकटाच, फ्रिजपुढे उभा राहून, मोठ्यानं. मोठा आलाय शहाणा!

दोन दिवस पाळली हो यादी. तिसऱ्या दिवशी वाटलं, हे काय आयुष्य — मिरची आणि गवत, गवत आणि मिरची! गेलो दुकानात. तिथं एक पाकीट, वर गुबगुबीत गिनी पिगचा फोटो, आत दह्याच्या रंगीत गोळ्या. फोटो आहे म्हणजे चालतच असणार, नाही का? मी जन्मभर पाकिटांवर गव्हाच्या लोंब्या छापल्या आणि आत मैदा भरला — निदान मला तरी कळायला हवं होतं! मागं बारीक अक्षरात पहिलीच साखर लिहिली होती. चष्मा खिशात होता. काढला नाही.

पण गोळ्यांवर भागतंय कुठं? काल दुपारी ओव्हन लावला. लोण्याची बिस्किटं भाजली — हो, यांच्यासाठी, हसा खुशाल. मुकादमानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. अक्कल त्याला माझ्यापेक्षा चार बोटं जास्तच. ढेपूळनं मात्र पुढचे दोन्ही पाय माझ्या तळहातावर टेकले आणि कुरुकुरु, कुरुकुरु... इवलेसे पाय हो, थंडगार. चार बिस्किटं घेऊन बसलो होतो, उठलो तेव्हा हातात अर्धं होतं. वर्षभरानं घरात तो वास आला ताई. बायको गेली तेव्हापासून ओव्हनला हात लावला नव्हता.

तिला डायबेटिस होता. आत्ता यादी आहे ना, त्याच जागी आधी एक यादी होती — मुलीच्या अक्षरातली, आईसाठी. आणि मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून येताना कागदात गुंडाळून काहीतरी आणायचो. एवढासा तुकडा. एवढ्याशानं काय होतंय! ती खायची. आधी पायाचं एक बोट गेलं, मग पाऊल गेलं — आणि मी आपला तुकडा आणतोय, फक्त आणखी लहान करून, म्हणजे केवढा विचारी माणूस बघा! एकदा म्हणाली, 'अहो, मला गोड नकोसं होऊन किती दिवस झाले. तुमचं तोंड उतरतं म्हणून खाते.' ऐकलंत? मी समजत होतो, मी तिचे लाड करतोय. लाड माझे चालले होते.

कशाला सांगतोय मी तुम्हाला हे? तुम्ही आलात मांजरीच्या इंजेक्शनला. मुलीलासुद्धा सांगितलं नाही कधी. तिला ठाऊक नाही असंच धरून चाललो होतो. आज सकाळी चष्मा लावून यादी वाचली, तर अगदी खाली, वेगळ्या अक्षरात — 'बाबा, एवढासासुद्धा नाही.'

आणि एवढं रामायण होऊन आत डॉक्टरांनी विचारलं, हिनं काय खाल्लंय? काय सांगितलं असेल मी? गवत! साळसूदपणे म्हणालो, गवत. — नका ना असं बघू. मांजरही बघतेय. अहो, कळतंय मला, खाल्लेलं कळल्याशिवाय त्या औषध देणार कसं... मला बायकोच्या डॉक्टरांशी बोलायची सवय, तिथं मी असाच... धरा. हा पिंजरा धरा जरा. आलोच.

सांगितलं! गोळ्या, बिस्किटं, सगळं. आणि त्या काय म्हणाल्या असतील? मान वर न करता, 'आजोबा, तुमच्या स्वेटरवर चुरा आहे.' बघा, अजून आहे! औषध दिलंय, वेळेवर आणलंत म्हणाल्या, बहुतेक वाचेल. पण दोन दिवस दर तीन तासांनी गवताचा पातळ लगदा सिरिंजनं भरवायचा. कुणी? मी! चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. मी म्हटलं, डॉक्टर, लिहून द्या, किती ते लिहून द्या, मोठ्या अक्षरात, आणि —

थांबा हं. फोन. नात आहे, व्हिडिओ कॉलवर. सकाळपासून दोनदा आला, उचलला नाही मी... मुकादमाचं तोंड तिकडं करा जरा, त्याला पाहिलं की ती दुसरी कुठाय विचारेल. — हॅलो! हो गं सोन्या, ऐकू येतंय. हो, दवाखान्यातच आहे. ढेपूळ आत आहे, औषध चाललंय. नाही गं, तुझं काही चुकलं नाही, यादी अगदी बरोबर होती. रडू नकोस. सगळं सांगतो, पण आधी आईकडे दे फोन. हो, आईकडेच. — ताई, तुम्हाला आत बोलावतायत बहुतेक. नाही? मग जरा बाहेर... हो, मांजरीला घेऊन. जा ना. जा.