घोणशीच्या खिंडीतली सोय

सोय व्हईल म्हणालास? निवृत्ती, परत म्हण बघू. माझ्या तोंडावर म्हण.

बाहेर हे असलं धुकं, समोरच्या घराचं दार दिसंना, आन् ह्यो माझा पुतण्या रातच्याला सगळ्यांना घेऊन घोणशीच्या खिंडीतनं यात्रेला निघालाय. मला सांगतोय, "काकू, जीपवाला येतो म्हणालाय. वर काय झालंच तर सोय व्हईल." कोण करणार सोय? तुझी सासुरवाडी हाय व्हय खिंडीत?

हसू नका. या, शेकोटीजवळ सरका. जीप यायची तवा येईल, तोवर इथं बसायला हरकत न्हाई, इथं आग हाय. आन् ऐका. ह्या खिंडीतनं एका रात्री मी गेलेली हाय. ही माझी शेवंती बसलीय न्हवं, आता नातवंडांची आजी झालीय, ती तवा माझ्या कडेवर सहा म्हयन्यांची व्हती.

पौष म्हयना. मी आन् माझी सासू राहीबाई, निवृत्ती, तुझी आजी, पल्याडच्या गावाला तिच्या भावाकडं गेलेलो. परत यायला एकच गाडी, बापूशेटची सर्व्हिस मोटार. दुपारी तीनला सुटायची. तीनला कुठली सुटतीय? चार झाले, पाच झाले. टपावर गुळाच्या ढेपा चढल्या, कोंबड्यांच्या पाट्या चढल्या. सूर्य बुडला तवा बापूशेट आला, पान खाऊन, मफलर गुंडाळून, आन् म्हणाला, "बसा, बसा. वर धुकं हाय जरा, पन काळजी न्हाई. खिंडीतल्या चौकीवर आपण सगळी सोय केलीय. चहा हाय, घोंगडी हायती, शेकोटी हाय."

माझी सासू म्हणाली, "तू येतोस का संगं?"

"मला कशाला न्हेता आत्याबाई," म्हणाला मेला, आन् घराकडं गेला जेवायला.

माझ्या सासूचं आन् माझं कधी पटलं न्हाई, हे गावाला ठावं हाय. तिच्या जिभेला हाड नव्हतं. मीठ कमी पडलं तर माझ्या सात पिढ्या काढायची. पन त्या रातीचं तिचं मी मरस्तोवर इसरणार न्हाई.

तर निघालो. अकरा माणसं आम्ही. गुलाब म्हणून ड्रायव्हर. क्लीनर न्हाई, गाडीला काच न्हाई, बाजूला ताडपत्री, तीबी फाटकी. माझ्या शेजारी चिंचणे मास्तर व्हते. आपल्या शाळेवरचे. लई गरीब माणूस हो. शेवंतीला शिंक आली तशी त्यांनी गळ्यातला लोकरी मफलर काढला आन् तिच्या डोक्याला गुंडाळला. मला जन्मात सगळ्यांनी ठके, ठकी, अगं ए म्हटलं. मास्तर तेवढे म्हणायचे, ठकूबाई.

खिंडीच्या तोंडाशी गेलो आन् धुकं आलं. आलं म्हंजे काय, गाडीच्या आत शिरलं. दिव्याचा उजेड हातभर जाईना. गुलाब चालवतोय, चालवतोय, आन् धाडकन डावं चाक रस्त्याकडच्या चरात! त्या चरात झऱ्याचं पाणी वाहतं बारमाही. चाक रुतलं, गाडी कलली. उतरा, उतरा! सगळे खाली. गुलाबनं एकुलता एक कंदील काढला आन् म्हणाला, "चौकी इथंच म्होरं हाय. तुम्ही जाऊन बसा. मी दुसरी गाडी घिऊन येतो." कंदील घेतला, गेला. अकरा माणसं काळोखात, आन् कंदील त्याला! काय म्हणावं ह्या नियोजनाला? तुम्हीच सांगा.

चौकी सापडली. तिला छप्पर नव्हतं. चहा कसला आन् घोंगडी कसली, आत बाभळीचं झुडूप उगवल्यालं. थंडी अशी की दात वाजायचं थांबंना. धुक्याचं पाणी व्हऊन पापण्यांवरनं गळतंय. लुगडं ओलं, केस ओले. शेवंती आधी रडत व्हती, मग नुसती कण्हायला लागली. माझा जीव तिच्यात. मी म्हटलं, चालत जाऊ, खाली गाव हाय दोन कोसांवर.

निघालो चालत. पाव घटका चाललो आसंल, पांढरा मैलाचा दगड लागला. अजून चाललो. पांढरा मैलाचा दगड. तिसऱ्यांदा त्यावर मास्तरांनी हात फिरवला. त्योच दगड, त्येच फुटकं टोक.

चकवा!

आता चकवा लागला तर काय करायचं? सांग की निवृत्ती. बरोबर. हाय तिथं बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं न्हाई. आपल्यात शेंबड्या पोराला ठावं हाय हे. मीच म्हणाले, "बसा." मास्तरबी म्हणाले, "बसू या. हेच शहाणपणाचं." बसलो सगळे दगडाला टेकून. आन् तिथंच चुकलो. ऐका, तिथंच चुकलो! रानातला चकवा माणसाला फिरवतो, म्हणून बसायचं. घोणशीच्या खिंडीतल्याला माणूस बसायलाच पायजे असतो.

बसलो न बसलो, धुक्यात एक पिवळा ठिपका. हलतोय. जवळ येतोय. कंदील! "गुलाब आला!" म्हणून एक जण वरडला. गुलाब न्हवता. खाकी कोट, डोक्याला घोंगड्याची खोळ, हातात कंदील. पाय उलटे व्हते का इचारू नका, पाय दिसतच नव्हते. लई गोड बोलला.

"राम राम मंडळी. गाडी येतेय. बसा. सोय होतेय."

काय बरं वाटलं म्हणून सांगू! हात जोडले आम्ही त्याला. त्यो गेला. थंडी वाढली. परत आला.

"खालून निघाली गाडी. दहा मिनिटं. बसा."

आन् खरंच, लांबून इंजिनाची घरघर आली. दोन दिवे दिसले. वर येतायत, वर येतायत, आन् गप. इझले. परत घरघर, परत दिवे, परत गप. असं किती येळा झालं मोजलं न्हाई मी. दर येळेला माणसं अर्धी उठायची आन् बसायची. शेवटी उठायचीच थांबली.

मग चहाचा वास आला. आल्याचा चहा! त्यो एकेकाच्या हातात कायतरी देत चालला. "गरम हाय, धरा." लोकांनी हात म्होरं केले. मला दिसलं, ओंजळीत कायबी नव्हतं. पन माणसं फुंकर मारून पीत व्हती हो! मग घोंगडी. पांघरली त्यानं एकेकाला. पांघरलं की माणूस दात वाजवायचा थांबायचा. अंगातली हुडहुडी गेली की बरं वाटतं न्हवं? गारठ्यात हुडहुडी थांबणं लई वंगाळ.

मलाबी झोप यायला लागली. गोड झोप. डोळे मिटतायत, आन् त्यो माझ्याम्होरं वाकला.

"लेकरू द्या इकडं, बाई. उबेत ठेवतो. तुम्ही बसा."

मी हात सैल केले. आई असून सैल केले! शेवंते, तुला आजवर सांगितलं न्हाई हे. मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी घेतंय.

आन् फाडकन माझ्या कानाखाली बसली. सासूची!

"ऊठ गं भवाने! त्याच्या तोंडाकडं बघ!"

बघितलं. आम्ही बोलत व्हतो तर प्रत्येकाच्या तोंडातनं वाफ निघत व्हती. मास्तरांच्या, सासूच्या, माझ्या. सहा म्हयन्यांच्या शेवंतीच्याबी नाकातनं बारीक बारीक निघत व्हती. त्यो इतका येळ बोलतोय, आन् त्याच्या तोंडातनं काय न्हाई. कायच न्हाई!

सासू कंबर कसून त्याच्याम्होरं उभी ऱ्हायली. "सोय होतेय? कुठं होतेय? दाव मला! कुठली गाडी? नंबर सांग तिचा! कवाधरनं बसा बसा लावलंयस, मुडद्या, तुझ्या बाचं नोकर हाय का आम्ही?"

त्यानं कंदील तिच्या तोंडाशी धरला. त्याला कुणी असं इचारलंच नसावं. मग परत म्हणाला, पन आता आवाज गोड नव्हता. "खाली बस."

"न्हाई बसत."

"खाली बस, म्हातारे!" आन् कंदील इझला. अंधार! आन् चारी बाजूंनी आवाज. बसा. बसा. बसा. डाव्या कानात, उजव्या कानात, दगडातनं! सासरा माझा मेलेला, त्याचा आवाज काढला, "राहे, बस गं." ती म्हणाली, "तुम्ही जित्तेपणी कधी बस म्हणाला न्हाईत मला, आता म्हणताय व्हय?"

आन् तिनं काय केलं, ऐका. तिनं चपला काढल्या आन् एक पाय त्या चरात घातला. बर्फागत पाणी. म्हणाली, "रस्ता फिरवंल, दगड फिरवंल. पाणी कसं फिरवणार? पाणी उतारालाच जातंय. माझा पदर धरा. एकामागं एक. आन् तोंड बंद ठेवू नका, शिव्या द्या!"

शिव्यांना भुतं भितात, हे खरं हाय. माझ्या सासूनं त्या रातीला ज्या शिव्या दिल्या, त्या मी तुमच्याम्होरं बोलणार न्हाई, लेकीसुना हायत. बापूशेटला दिल्या, गुलाबला दिल्या, त्याच्या मोटारीला दिल्या, भुताला दिल्या, मधनं मधनं सवयीनं मलाबी दिल्या. लाथा घालून माणसं उठवली तिनं. "ऊठ रे! ऊठ गं!"

नऊ उठली तिच्याबिगर. मास्तर उठले न्हाईत.

मी म्हटलं, "मास्तर, उठा की हो." डोळे उघडे व्हते त्यांचे. दोन्ही हात ओंजळीसारखे म्होरं. हळूच म्हणाले, "ठकूबाई, गडबड करू नये. सांगितलंय ना त्यांनी. सोय होतेय." शिस्तीचा माणूस. उभ्या जन्मात कुणाचं सांगणं मोडलं न्हाई त्यांनी. सासूनं दंडाला धरून वढलं, तर ते दगडाला चिकटल्यागत. मागनं आवाज येतोय, बसा, बसा, शेवंतीचं कण्हणं बंद पडलेलं. सासू म्हणाली, "चल. न्हाईतर पोर जाईल." माझ्या एका हातात सासूचा पदर, एका हातात लेकरू. तिसरा हात असता तर मी मास्तरांना धरलं असतं. रोज वाटतं मला. आज पन्नास वर्सं झाली, रोज वाटतं.

चरातनं पाय ठेवत ठेवत उतरलो. पायांना काय कळंना झालं. त्यो मागं व्हता, पार शेवटच्या वळणापर्यंत. मग कोंबडं आरवलं. खाली पिठाची गिरणी, तिथं आग. गिरणीवालीनं शेवंतीला उघडी करून छातीशी धरली, चोळली, आन् पोरगी वरडली! त्या वरडण्याइतकं गोड मी कायबी ऐकलेलं न्हाई. सासू तिथंच भुईवर बसली आन् रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "बघतीस काय, चहा ठेव." तिच्या पायाची दोन बोटं गेली त्या पाण्यानं, शेवटपर्यंत लंगडत व्हती.

आन् गिरणीच्या मागच्या खोलीत कोण घोरत व्हतं? गुलाब! कंदील उशाला घिऊन! "सकाळी गाडी आणणारच व्हतो," म्हणाला.

उजाडल्यावर माणसं वर गेली. मास्तर दगडाला टेकून बसलेले, ताठ. अंगावर दहिवर पांढरं झालेलं. हात तसेच म्होरं, कप धरल्यासारखे. आन् बापूशेट पंचांम्होरं काय म्हणाला ठावं हाय? "आम्ही सगळी सोय केली व्हती. पॅसेंजरनीच जागा सोडली." त्याचं तोंड जळो.

मागनं गिरणीवाली सांगत व्हती, खिंडीत पूर्वी एक नाकेदार व्हता. थंडीत बैलवाल्यांचा तांडा त्यानं रातभर नाक्यावर बसवून ठेवला, सोय होतेय, सोय होतेय म्हणत. सकाळी माणसं गारठून मेलेली, आन् आपल्या खोलीत त्योबी गेलेला. लोक त्याला बसक्या म्हणतात. एक बसवला की त्याला दुसरा लागतो.

म्हणून सांगते, त्या वाटंला जाऊ नका. धुक्यात तर न्हाईच न्हाई. आन् अडकलातच, तर कुणी गोड आवाजात बसा म्हणालं, तर त्याच्या तोंडाकडं बघा आधी. वाफ निघतीय का बघा. आजकाल तिथं नाकेदाराचा आवाज येत न्हाई म्हणतात. दुसराच येतो, हळू, शिस्तीतला. जिथवर धुकं उतरतं, तिथवर येतो. आन् आजवर धुकं कधी गावापर्यंत उतरलं न्हाई, म्हणून...

थांबा. हाक कुणी मारली?

निवृत्ती, ओ देऊ नको! जीपवाला न्हवं त्यो. जीपवाला मला काकू म्हणतो.

ठकूबाई कोण म्हणालं?

उठा. सगळे उठा. शेवंते, तू आधी ऊठ.