माणसांत येऊ नकोस

(फ्लोरिडातली एव्हरग्लेड्सची दलदल. मार्च २००६, सकाळ. अजगर पकडायला आलेली अहिल्या आणि तिचे वडील अण्णा, गुडघाभर पाण्यात.)

अहिल्या: अण्णा, ही पिशवी मोकळी कशी?

अण्णा: सुटली गं. गाठ सैल बसली असंल.

अहिल्या: गाठ तुम्ही मारली होती. तुमची गाठ सैल? अख्खं कराड तुमच्या गाठीच्या भरवशावर झोपायचं.

अण्णा: वय झालं आता. हातात पहिल्यासारखी पकड राहत नाही.

अहिल्या: मी ट्रकमधून पेटी घेऊन येत होते ना, तेव्हा तुमचा आवाज आला मला.

अण्णा: काय ऐकलंस?

अहिल्या: ‘जा बाई, माणसांत येऊ नकोस.’ लहानपणी तुमच्या लूनावर मागं बसून हेच ऐकत आले मी. पिशवीचं तोंड उघडल्याशिवाय तुम्ही कधी हे म्हणत नाही.

अण्णा: पिशवीवरनं हात फिरवला मी नुसता. अंडी हायत गं तिच्या पोटात. गच्च भरलीय.

अहिल्या: म्हणूनच तर ती हवी होती! अण्णा, अख्खा सीझन आम्ही त्या ट्रान्समीटर बसवलेल्या नराच्या मागं फिरलो, कशासाठी? त्यानं अशी एक मादी दाखवावी म्हणून. आज दाखवली, आपण दोघांनी मिळून धरली, आणि मी दहा पावलं लांब जाते तर तुम्ही…

अण्णा: दहा नाही, चांगली बांधापर्यंत गेलीस. माझ्या जिवाला किती घोर लागला होता इथं.

अहिल्या: मस्करी करू नका. कार्ल येतोय पेटी न्यायला.

अण्णा: कोण, तो दाढीवाला?

अहिल्या: हो, माझ्या टीममधला. आणि इथं पकडलेला अजगर परत सोडणं हा गुन्हा आहे. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. प्रोफेसरांच्या हातापाया पडून मी तुमच्यासाठी परमिशन काढली. ‘माझे वडील सर्पमित्र आहेत, त्यांच्याइतका साप कुणाला कळत नाही,’ असं सांगून.

अण्णा: असं सांगितलंस?

अहिल्या: सांगितलं. मूर्ख आहे मी. थांबा, हाताला रक्त आहे तुमच्या.

अण्णा: जाताना वळली एकदा. तिचाबी काय भरवसा माझ्यावर?

अहिल्या: शुगर आहे तुम्हाला, आणि त्यात हे पाणी! द्या इकडे हात. आईला काय सांगू मी?

अण्णा: गवतानं कापलं म्हण. हे असलं करवतीसारखं गवत. खोटं वाटायचं नाही तिला.

अहिल्या: हलवू नका हात. कुठल्या बाजूला गेली?

अण्णा: अहिल्या, जाऊ दे की.

अहिल्या: कुठल्या बाजूला?

अण्णा: मला सांग, तुम्ही तिचं काय करणार होता?

अहिल्या: तुम्हाला माहीत आहे.

अण्णा: तुझ्या तोंडानं सांग.

अहिल्या: मारणार होतो. औषध देऊन, दुखू न देता. आणि मग मी तिचं पोट उघडून बघणार होते, तिनं काय काय खाल्लं ते.

अण्णा: अगं, आपल्याकडं अजगर धरला तर फॉरेस्टवाले पंचनामा करून जंगलात नेऊन सोडतात. तुझ्या शाळेत येऊन मी पोरांकडनं शपथ घेतली होती. तूबी हात पुढं केला होतास.

अहिल्या: केला होता. त्या भाषणात तुम्ही एक वाक्य दरवर्षी म्हणायचात, आठवतंय?

अण्णा: लई वाक्यं होती.

अहिल्या: ‘साप आपल्या जागी असला तर तो कुणाचं वाईट करत नाही.’ आपल्या जागी, अण्णा! ही तिची जागा आहे का? इथं कुणी हौसेनं पाळले, मोठे झाल्यावर घरात मावेनात, म्हणून रात्री गाडीतून आणून दलदलीत टाकले. त्यांची ही पिल्लावळ.

अण्णा: म्हणजे चूक तिची नाही.

अहिल्या: नाही, अजिबात नाही. पण पहिल्या सीझनला मी इथं आले तेव्हा या बांधावर ससे असायचे. ट्रक आला की टुणटुण पळायचे. आज सकाळी दिसला एक तरी?

अण्णा: नाही बा.

अहिल्या: गेल्या महिन्यात एका अजगराच्या पोटात मला कडं सापडलं. करकोच्याच्या पायातलं, ओळखीसाठी घालतात ते. ते कडं मीच घातलं होतं त्या पिल्लाला. इथल्या पक्ष्यांना मगर कळते, घार कळते. हे काय आहे तेच त्यांना कळत नाही. ते जवळ उभे राहतात.

अण्णा: जवळ उभी राहतात पाखरं?

अहिल्या: तुम्हाला काय वाटतं, मला आवडतं हे? पहिल्यांदा केलं तेव्हा ट्रकमध्ये बसून ढसाढसा रडले. तुम्हाला फोन लावला आणि थंडी फार आहे, एवढंच बोलले.

अण्णा: फ्लोरिडात कसली थंडी, म्हणून तुझी आई हसली होती.

अहिल्या: हो. थांबा, रेडिओ वाजतोय. कार्ल? येस. नो, नो, स्टे ऑन द लेव्ही. वी नीड सम टाइम. येस, एव्हरीथिंग इज फाइन.

अण्णा: काय सांगितलंस त्याला?

अहिल्या: बांधावरच थांब, सगळं ठीक आहे म्हणाले. मी कार्लशी आजपर्यंत कधी खोटं बोलले नव्हते.

अण्णा: माझ्यापायी.

अहिल्या: तुमच्यापायी. ती खोल कालव्यात उतरली ना, तर संपलं. तळाशी जाऊन बसेल, मग कुणाच्या बापाला सापडायची नाही.

अण्णा: बाप इथंच उभा हाय.

अहिल्या: अण्णा, प्लीज.

अण्णा: बरं. तुझं ते यंत्र लाव. तुमचा खबऱ्या कुठं हाय बघ. तो तिच्याच मागं जाणार.

अहिल्या: तेच करतेय. ऐकू येतंय? टिक टिक. मघाशी त्या झुडपातून येत होतं. आता डावीकडे जास्त येतंय. हलला तो!

अण्णा: गरीब बिचारा. निघालाय बायकोच्या मागं, आणि वरातीत पोलीस. त्याला कळतं का गं, पोटात काय घातलंय ते?

अहिल्या: नाही.

अण्णा: आणि त्याला तेवढं जिवंत ठेवता.

अहिल्या: बॅटरी संपेपर्यंत. चला. माझ्या मागून चाला, पाय घासत. खाली भोकं आहेत.

अण्णा: मला नको शिकवू पाण्यात चालायला.

अहिल्या: इथं मगरी आहेत, अण्णा. हे कोयनेचं पाणी नाही.

अण्णा: आवाज वाढला बघ.

अहिल्या: हो, जवळ आहे. समोरच्या त्या टेकाडावर असणार, ऊन आलंय तिथं. पण ती त्याच्याबरोबर असेल का? आधीच कालव्यात गेली असेल तर? देवा, कालवा तर दिसायला लागला. अण्णा, तुम्ही मागं का राहिलात?

अण्णा: थांब.

अहिल्या: काय झालं? छातीत दुखतंय का?

अण्णा: पाऊल टाकू नको. उचललंयस तसंच मागं घे. हळू.

अहिल्या: का?

अण्णा: तुझ्या पुढ्यात हाय ती. वाळल्या पानांत.

अहिल्या: मला नाही दिसत.

अण्णा: दिसायची नाही. ते फांदीसारखं दिसतंय ना, ती फांदी नाही. मी गप राहिलो असतो तर तू ओलांडून गेली असतीस.

अहिल्या: मग गप का नाही राहिलात?

अण्णा: ती जवळ उभी राहणारी पाखरं डोळ्यापुढनं हलंनात. तू आता बोलत बसू नको. पिशवी काढ. मी मानेकडं जातो, तू शेपटीकडनं ये. माझी सावली पडू द्यायची नाही तिच्यावर. थांब… थांब… आता!

अहिल्या: धरली! अण्णा, विळखा घालतेय, हात काढा!

अण्णा: घालू दे. ओढू नको, तिची बरगडी मोडंल. शेपटीकडनं सोडव. अस्सं. दमली बघ. ओझं हाय पोटात, दमणारच. पिशवी वर घे. आणखी वर. गेली आत.

अहिल्या: बांधा.

अण्णा: थांब, एकदा हात फिरवू दे तिच्यावरनं.

अहिल्या: अण्णा, गाठ मारा.

अण्णा: मारली. वर दुसरीबी मारली. ओढून बघ.

अहिल्या: घट्ट आहे. अण्णा, कार्लला मी काही सांगणार नाही.

अण्णा: सांग. माझ्या बापानं सोडली आणि माझ्या बापानंच धरली, असं सांग. खोटं नको. पण जरा वेळ बोलवू नको त्याला.

अहिल्या: का?

अण्णा: पिशवी उघडताना काय म्हणायचं ते मला पाठ हाय. बांधल्यावर काय म्हणायचं? तू काय म्हणतेस?

अहिल्या: मी? ‘माफ कर बाई’ म्हणते. दर वेळी, मराठीतूनच. कार्लला वाटतं, मी स्वतःशी काहीतरी मोजतेय.

अण्णा: मग आज तू नको म्हणू. आज मला म्हणू दे.