चार्टमधला सगळ्यात उंच सुळका

राजूरच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर बापलेक नंबर यायची वाट बघत होते. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"आबा, हा तुमच्या शुगरचा चार्ट. आई फोनवर आकडे सांगायची, ते मी एक्सेलमध्ये भरत होते."

"झ्याक हाय. पन खाली ह्या मुंग्या कसल्या?"

"तारखा आहेत. गर्दी झाली की तिरक्या होतात."

"मला तारखा कळत न्हाईत. डॉक्टरांनी इचारलं, हितं का वाढली, तर काय सांगू?"

"मग तारखेच्या जागी तुम्ही सांगाल ते टाकते. शेजारच्या रकान्यात लिहायचं आणि चार्टला सांगायचं, खाली हे दाखव. हा पहिला सुळका?"

"पोळा. पुरनपोळी हुती."

"आला बघा खाली पोळा. आणि हा?"

"भाच्याचं लगीन. जिलेबी घेतली दोनदा."

"दोनदाच?"

"वाढपी वळखीचा हुता गं."

"बरं, हा सगळ्यात उंच? तेव्हा ना सण, ना लग्न."

"ते ऱ्हाऊ दे."

"आबा!"

"तवा तू आल्तीस. तुजी आई रोज गोडाचं करायची, अन् तू म्हनायचीस, आबा, माझ्यासंगं बसा जेवायला."

"मग तसंच लिहिते. 'स्नेहल आली'."

"नगं, पोरी. तितं तारीखच ऱ्हाऊ दे."

"का?"

"मागल्या टायमाला डॉक्टर म्हनले, ज्यानं शुगर वाढती ते बंद करा."