पाव हिस्सा

धाराशिवहून तेरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सून गरोदर होती. तिच्या मांडीवर तीन वर्षांची शिवन्या झोपली होती. त्यांच्या बोलण्यावरून कळलं, दर महिन्यासारखं आजही त्या पोरीला दवाखान्यात रक्त चढवलं होतं.

"दीपमाला, डॉक्टरीण काय म्हणली गं?"

"ह्यांच्या अन् माझ्या, दोघांच्याबी रक्तात शिवन्याचा हा आजार लपलेला हाय. म्हणून चारात एका लेकराला व्हायची भीती."

"मग एकीला झाला की. आता पुढची तिघं चांगली."

"म्याबी तेच इचारलं, आत्या. तर म्हणल्या, पिशवीत चार बोरं हायत, त्यात एक किडकं. न बघता हात घातला अन् किडकं निघालं."

"माझ्या नातीला किडकं म्हणू नकू."

"बोराला म्हणते, आत्या. ते बोर परत पिशवीत टाकायचं अन् पुन्हा हात घालायचा. दर खेपेला चारच बोरं, अन् त्यात एक तसलं."

"म्हंजी ह्या बारीबी पाव हिस्सा भीती?"

"व्हय."

"अन् पाऊण हिस्सा चांगलं. मग मोठं काय, पाव का पाऊण?"

"पाऊणच मोठं. पण शिवन्याच्या बारीबी पाऊणच मोठं हुतं, आत्या."

सासूनं शिवन्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"पोटातल्या बाळाची तपासणी कधी हाय?"

"सोमवारी. पण हे म्हणत्यात, मला ऐकवणार न्हाय, मी येत न्हाय."

"त्याला राहू दे घरी. मी येते."

"अन् पाव हिस्साच निघाला तर?"

"पोरीला दे हिकडं माझ्या मांडीवर. पाय अवघडले असतील तुझे."