जमनाबाईचा झाकलेला हात

जमलेल्या सगळ्या भगिनींनो, आणि मागे दाराशी उभे असलेले जमनाबाईचे यजमान काशिनाथभाऊ,

मला भाषण येत नाही. दर महिन्याला मी इथे उभी राहते ती आपल्या भजनी मंडळात काय आलं, काय खर्च झालं ते वाचायला. आज तोंडातून दुसरं निघेना, म्हणून तेच सांगते. फुलांचा हार आला, बारा आणे. उदबत्तीचा पुडा, दोन आणे. आणि परवा, जमनाबाई जाऊन तिसऱ्या दिवशी, तारापूरकडून बैलगाडीत दोन गोणी रिकाम्या बाटल्या आल्या. भाडं एक रुपया. गाडीवान म्हणाला, "जमनाबायनं सांगून ठेवलेल्या. कुटं हाय ती?"

काय सांगायचं मी त्याला?

दातिवऱ्याची आपली जमनाबाई गेली. तळहातावर काच लागली, धनुर्वात झाला, आणि गेली. बोटीवर जाणाऱ्या माणसाची बायको, जन्मभर समुद्राला भ्यायली. आणि गेली कशाने? काचेच्या एका कडेने.

तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चाललंय, तिथल्या परदेशी साहेबांच्या बंगल्यावर ती भांडी घासायची. मडमेच्या टेबलावर तिने कापलेल्या बाटलीत मेणबत्ती पाहिली, आणि पहिली बाटली घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी उंबऱ्यावरच अडवलं. दारूबंदीचे दिवस, घरात देव, आणि ही दारूची बाटली!

ती म्हणाली, "वैनी, दारू त्या सायबानं प्याली. बाटली बिचारी उपाशीच हाय."

आमच्या सासूबाईंनी तिला ती बाटली राखेने, मग चिंचेने, मग पुन्हा राखेने घासायला लावली. तेव्हा ही म्हणते, "आजी, एवढी तर मी सायबाची ताटं पण नाय घासत." सासूबाई हसल्या, आणि बाटली घरात आली.

मग शिकवलं तिने आपल्याला. रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा बाटलीच्या गळ्याला गुंडाळायचा, पेटवायचा, बाटली फिरवत राहायची आणि एकदम गार पाण्यात बुडवायची. टच्च आवाज, की गळा वेगळा. मग ओल्या वाळूवर कडा घासायची, बोट फिरवलं तरी लागणार नाही इतकी. आत मेण ओतायचं. खाऱ्या वाऱ्यात कंदील विझतो, पण ही मेणबत्ती विझत नाही. भजनाला देवापुढेही आपण तीच लावली. कुणी फुलदाणी केली. माकुणसारच्या आक्कांनी मिठासाठी बरणी केली. बाजारात पुरुष विचारायचे, "काय हो, भजनी मंडळ की गुत्ता?" जमनाबाई सांगायची, "गुत्ताच. पण तुमाला आत घेत नाय."

त्या दिवशी कडा घासायची राहिली होती. कुणीतरी हाक मारली, ती बाटली हातात धरून उठली, आणि कड तळहातात शिरली. तिने हळद दाबली, चिंधी बांधली, हात पदराखाली घेतला.

काशिनाथभाऊ म्हणाले, दवाखान्यात चल. ती म्हणाली, "दाक्तर इचारील कशानं कापलं. काय सांगू? दारूच्या बाटलीनं? पोलीस घरी आणू?"

तिचं काय चुकलं, सांगा! त्याच आठवड्यात शेजारच्या पाड्यावर हातभट्टीच्या संशयाने पोलिसांनी घराघरातले हंडे उपडे केले होते. आपण सगळ्याच भ्यायलो होतो. ती भ्यायली, आणि तिने हात झाकला.

आठवड्याने भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. दातखीळ बसली. मग सगळं अंग धनुष्यासारखं ताठलं. काशिनाथभाऊंनी तिला इथे पालघरला आणलं, तेव्हा मी दवाखान्यात होते. डॉक्टरांनी चिंधी सोडली आणि विचारलं, "हे केव्हाचं?"

काशिनाथभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "माशाचा काटा लागला, साहेब."

"कशानं ते नाही विचारत. केव्हा?"

"झाला आठवडा."

डॉक्टर खुर्चीत बसले. म्हणाले, "त्याच दिवशी आणली असतीत, तर सुई देऊन चालत घरी पाठवली असती."

बायांनो, ऐकलंत ना? ज्या प्रश्नाला भिऊन तिने हात झाकला, तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

आता कुजबुज सुरू झाली आहे. मघाशी इथे बसतानाही कानावर आली. म्हणे, दारूच्या भांड्यात देवाला उजेड दाखवला, त्याचं हे फळ. मी रोज पोथी वाचते, उपास करते. मी सांगते, देव असा डूख धरत नाही. पण या कुजबुजीला मी भिते. कारण ती ऐकून आणखी हात पदराखाली जातील.

मला शोक आहे. पण खरं सांगू? शोकापेक्षा भीती जास्त आहे. मला इथून दिसतंय. शिरगावच्या मनोरमाताई, पंधरवड्यापूर्वी तुमच्या अंगठ्याला चिंधी होती. आज तुमचा अंगठाच दिसत नाही.

माझ्या मुलीनेही कडा घासल्या आहेत, आणि माझ्यासारखंच तिलाही बोटाला कापलंय. रोज सकाळी मी तिला जांभई द्यायला लावते. तोंड पुरतं उघडतं का, बघते. तिला ती गंमत वाटते. मी पुन्हा एकदा उघडायला लावते. शेवटी काल तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारायच्या आतच सांगून टाकलं, "दारूच्या बाटलीनं लागलंय, दोघींनाही." तिथे बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, "दंड कुठला देताय, डावा की उजवा?" बस, एवढंच.

त्या दोन गोणी मी बांधून ठेवल्या आहेत. आपले हात तपासून होईपर्यंत त्या सुटणार नाहीत. पुढे काम चालवायचं की नाही, ते नंतर ठरवू.

आज दवाखाना संध्याकाळपर्यंत उघडा आहे. घरी विचारून येते, असं म्हणू नका. इथूनच जाऊ, मी बरोबर येते. कुणी काही विचारलंच, तर माझं नाव सांगा.

आता जमनाबाईसाठी दोन मिनिटं उभ्या राहू या. फक्त आज हात जोडू नका. पदराबाहेर काढा, तळवे वर करून पुढे धरा, आणि शेजारणीचे हात नीट बघा. काशिनाथभाऊ, तुम्हीही पुढे या. तुम्हीच तिची चिंधी बदलत होता, जखम कशी बिघडते ते तुम्ही पाहिलंय.

आणि आपल्या ज्या बहिणी आज येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यापर्यंत हा निरोप पोचवा. म्हणावं, मंडळाच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. ख्यालीखुशाली नको, सांत्वन नको. सुई घेतली की नाही, तेवढंच उलट टपाली कळवा.